११० मिनिटांचं रसायन: फ्लोरिन-१८चा ट्रेसर घडवायचा, तर सोलापुरात बसून काय काय करता येतं

“आपल्याकडे सायक्लोट्रॉन नाही, मग पेट स्कॅनच्या ट्रेसरवर प्रोजेक्ट कसा करायचा?” सोलापुरात सेंद्रिय रसायनाच्या मुलांशी बोलायला बसलो की पहिल्या पाच मिनिटांत हा प्रश्न येतो. सायक्लोट्रॉन म्हणजे किरणोत्सारी अणू बनवणारं यंत्र, त्यामुळे प्रश्न रास्त आहे, पण त्यात एक गैरसमज दडलेला आहे. नवा ट्रेसर, म्हणजे शरीरात टोचून स्कॅनवर माग काढायचा किरणोत्सारी रेणू, घडवताना किरणोत्सारी काम एका दिवसाला जेमतेम दीड-दोन तासांचं असतं. त्याच्या आधीचं वर्षभराचं काम साध्या फ्यूम हूडखाली, गोल तळाच्या फ्लास्कमध्ये आणि मिश्रणातले पदार्थ वेगवेगळ्या ठिपक्यांत दाखवणाऱ्या टीएलसीच्या पट्टीवर चालतं. ते काम केगावला विद्यापीठात होऊ शकतं, संगमेश्वर कॉलेजात होऊ शकतं, दयानंद कॉलेजात होऊ शकतं. उरलेल्या दोन तासांसाठी मुंबई गाठायची.

हा लेख त्या क्रमाने लिहिलाय. उदाहरण म्हणून मी एफईटी घेतलाय, म्हणजे टायरोसिन या अमिनो आम्लाच्या ऑक्सिजनवर फ्लोरोएथिल शेपूट लावलेला रेणू. तो जुना आहे, जगभर मेंदूच्या गाठींसाठी वापरला जातो, आणि शिकायला उत्तम आहे. त्यावर हात बसला की स्वतःच्या रेणूकडे वळा.

आधी घड्याळ समजून घ्या

फ्लोरिन-१८चं अर्धायुष्य १०९.८ मिनिटं. क्षय होताना सुमारे ९७ टक्के वेळा पॉझिट्रॉन बाहेर पडतो. त्याची कमाल ऊर्जा ०.६३५ एमईव्ही, म्हणजे बरीच कमी. त्यामुळे तो शरीरात मिलिमीटरभर जायच्या आतच बहुधा इलेक्ट्रॉनला भिडतो. दोघं नष्ट होतात आणि ५११ केईव्हीचे दोन फोटॉन जवळपास विरुद्ध दिशांना सुटतात. पेट यंत्र ही जोडी पकडतं. मागे उरतो तो स्थिर ऑक्सिजन-१८.

कार्बन-११चं अर्धायुष्य २० मिनिटं, ऑक्सिजन-१५चं फक्त २. त्यांच्या मानाने ११० मिनिटं म्हणजे ऐश आहे: रेणू बनवा, शुद्ध करा, तपासा आणि गाडीत घालून दुसऱ्या गावी पाठवा. तरीही प्रत्येक निर्णय मिनिटांत मोजायची सवय लागली पाहिजे. ७२ टक्के उत्पन्न देणारी दोन तासांची अभिक्रिया इथे ५० टक्के देणाऱ्या दहा मिनिटांच्या अभिक्रियेपुढे हरते. एम.एस्सी.त ‘रात्रभर ढवळत ठेवा’ शिकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मलाही लागला.

पायरी १: प्रश्न डॉक्टरकडून घ्या, रेणू नंतर

सगळ्यात जास्त वापरला जाणारा ट्रेसर म्हणजे एफडीजी, ग्लुकोजचा फ्लोरिनवाला भाऊ. १९७६ साली तो पहिल्यांदा माणसाला टोचला गेला. पेशी त्याला ग्लुकोज समजून आत ओढते, हेक्सोकायनेज त्यावर फॉस्फेट चढवतं. पण दुसऱ्या कार्बनवर हायड्रॉक्सिलऐवजी फ्लोरिन असल्याने गाडी पुढे सरकत नाही आणि रेणू आतच अडकतो. साखर खाणारी गाठ उजळते. अडचण अशी की निरोगी मेंदूही साखर भरपूर खातो. त्यामुळे मेंदूतली गाठ एफडीजीमध्ये आजूबाजूच्या उजेडात हरवून जाते.

म्हणजे हवा होता असा रेणू, जो गाठ खेचते आणि निरोगी मेंदू फारसा खेचत नाही. गाठीच्या पेशी काही अमिनो आम्लं जास्त ओढतात हे माहीत होतं, त्यातून एफईटी आला. तुमच्या रेणूलाही असंच एक वाक्य हवं: कोणाला, काय दिसत नाहीये, आणि पेशीतलं कोणतं दार त्यासाठी वापरायचं. हे वाक्य न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरशी तासभर बसल्याशिवाय लिहू नका. रसायनवाल्यांनी स्वतःच्या मनाने निवडलेले बरेचसे रेणू शोधनिबंधात जन्मतात आणि तिथेच मरतात.

ठोकळ नियम असे. रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या ठरावीक जागेला, चिकटणारा रेणू असेल तर त्या जागेची घनता भागिले वियोजन-स्थिरांक (केडी) हा आकडा किमान दहाच्या वर हवा. मेंदूत जायचं असेल तर स्निग्धता बेताची हवी, लॉग-पी साधारण १.५ ते ३. त्याहून कमी असेल तर रेणू मेंदूच्या उंबरठ्यावरच अडतो, जास्त असेल तर चरबीला आणि प्रथिनांना कुठेही चिकटतो. एफईटीला हा नियम लागू नाही, कारण तो अमिनो आम्लांच्या वाहकावर बसून आत जातो. पण त्या वाहकाला फक्त एल-रूप चालतं, म्हणून तिथे रेणूचा हात, डावा की उजवा, सांभाळावा लागतो.

पायरी २: फ्लोरिन कुठे बसवायचा

फ्लोरिनचा अणू आकाराने हायड्रोजनपेक्षा जरा मोठा आणि हायड्रॉक्सिलमधल्या ऑक्सिजनच्या जवळपास. म्हणून दोघांच्याही जागी तो बऱ्याचदा खपून जातो. कार्बन-फ्लोरिन बंधही मजबूत. तरी ‘कुठेही लावला तरी चालेल’ असं समजू नका.

सरळ साखळीवर, म्हणजे एथिल किंवा प्रोपिल शेपटीवर बसवणं सगळ्यात सोपं. टोकाला टॉसिलेट किंवा मेसिलेट, म्हणजे सहज निघून जाणारा गट, ठेवा, फ्लोराइड येऊन त्याला हाकलतो. एफईटी याच घरातला. बेंझिनच्या कड्यावर बसवायचा तर समोर किंवा शेजारी नायट्रो, सायनो, कार्बोनिलसारखा इलेक्ट्रॉन ओढणारा गट हवा आणि निघून जाणारा गट नायट्रो किंवा ट्रायमिथिलअमोनियम हवा. इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या कड्यावर हे चालत नाही. तिथे बोरॉनिक एस्टर आणि तांब्याची पद्धत वापरतात, जी गेल्या दहा-बारा वर्षांत रुळली. तिसरा मार्ग पेप्टाइडवाल्यांचा: अॅल्युमिनियम-फ्लोराइड बनवून तो नोटा नावाच्या चिमट्यात बसवायचा. हे पाण्यातसुद्धा जमतं, फ्लोराइड वाळवत बसावं लागत नाही. पेप्टाइड उष्णता सोसत असेल तर मी डोळे झाकून हाच मार्ग घेईन.

शरीर फ्लोरिन काढून टाकतं का, हाही प्रश्न इथेच विचारायचा. सुटा फ्लोराइड हाडात जाऊन बसतो. उंदराच्या स्कॅनमध्ये कवटी आणि पाठीचा कणा चमकायला लागला, की समजा शेपूट तुटतेय.

पायरी ३: थंड रसायन, खरं काम हेच

थंड म्हणजे किरणोत्सार नसलेलं. इथे दोन पदार्थ बनवायचे. एक प्रिकर्सर, म्हणजे फ्लोरिन बसण्याच्या आधीचा रेणू. दुसरा कोल्ड स्टँडर्ड, म्हणजे साध्या फ्लोरिन-१९चा, अगदी तोच अंतिम रेणू. उद्या हॉट लॅबमध्ये, म्हणजे किरणोत्सारी प्रयोगशाळेत, एचपीएलसीवर (मिश्रणातले पदार्थ वेगळे करणाऱ्या यंत्रावर) जो किरणोत्सारी शिखर दिसेल, तो आपलाच हे सिद्ध करायला हा कोल्ड स्टँडर्डच साक्षीदार. तो नसेल तर पुढचं सगळं हवेत.

एफईटीसाठी एल-टायरोसिनचा टर्शरी-ब्युटिल एस्टर विकत मिळतो. ट्रायटिल क्लोराइड आणि ट्रायएथिलअमाइन घालून नायट्रोजन झाका. मग पोटॅशियम कार्बोनेटसोबत एथिलिन ग्लायकॉल डायटॉसिलेट जास्त प्रमाणात घ्या, म्हणजे त्याचं एकच टोक फिनॉलला लागेल आणि दुसऱ्या टोकाचा टॉसिलेट मोकळा राहील. डायटॉसिलेट कमी पडलं तर दोन टायरोसिन एकाच पुलाने जोडले जातात आणि कॉलमवर ते वेगळं करताना नाकी नऊ येतात. टीएलसीवर ट्रायटिलवाले ठिपके ओळखायला सोपे आहेत: आम्लाचा फवारा मारून गरम केलं की पिवळे पडतात.

कोल्ड स्टँडर्डसाठी बरीच मुलं फ्लोरोएथेनॉलपासून सुरुवात करायला जातात. करू नका. फ्लोरोएथेनॉल शरीरात गेल्यावर फ्लोरोअॅसिटेट बनतं आणि ते जहाल विष आहे. त्यापेक्षा तयार प्रिकर्सरलाच टीबीएएफ किंवा पोटॅशियम फ्लोराइड-क्रिप्टोफिक्स, म्हणजे साधा फ्लोराइड देणारं द्रव्य, दाखवा, टॉसिलेट जाऊन साधा फ्लोरिन बसेल. नंतर ट्रायफ्लोरोअॅसेटिक आम्लाने ट्रायटिल आणि ब्युटिल दोन्ही काढा. हे सगळं हूडखाली, हातमोजे घालून. यातून एक बोनस मिळतो: टीबीएएफमध्ये पाणी असतंच, त्यामुळे थोडा हायड्रॉक्सिएथिल टायरोसिनही तयार होतो. तो फेकू नका. हॉट रनमध्ये पाणी राहिलं तर हाच भाऊ डोकं वर काढणार आहे, त्याची एचपीएलसीवरची वेळ आत्ताच लिहून ठेवा.

फ्लोरिन-१९चा एनएमआर काढून घ्या. फ्लोरोएथॉक्सीचा संकेत साधारण उणे २२० ते उणे २२५ पीपीएमच्या पट्ट्यात येतो, शेजारच्या दोन हायड्रोजनांमुळे ४७ हर्ट्झच्या आसपास फाटलेला. आपल्याकडे यंत्र नसेल तर नमुना बाहेर पाठवावा लागेल, पैसे आणि आठवडा दोन्ही धरून चला. कायरल कॉलमवर एल आणि डी वेगळे दिसतात का, तेही बघा. कधीतरी क्षारामुळे, म्हणजे बेसमुळे, थोडं डी बनतं आणि साध्या कॉलमवर ते कळतही नाही.

पायरी ४: स्टॉपवॉच लावून कोल्ड रन

आता एक आकडा, जो मनात खोल रुजला पाहिजे. एका रुग्णाला दिल्या जाणाऱ्या दहा मिलिक्युरीत, म्हणजे ३७० मेगाबेकेरेलमध्ये, फ्लोरिन-१८चे अणू असतात सुमारे साडेतीन लाख कोटी. ऐकायला प्रचंड, पण मोलमध्ये हे होतात सहा पिकोमोलसुद्धा नाहीत. वजन एका नॅनोग्रॅमचा दहावा भाग. समोर प्रिकर्सर दहा मिलिग्रॅम. म्हणजे लग्नाच्या मांडवात लाखो वऱ्हाडी आणि नवरदेव एकच. म्हणून अभिक्रिया झपाट्याने होते, आणि म्हणूनच जरासा मळ, जरासं पाणी, टेफ्लॉनच्या नळीतून आलेला साधा फ्लोराइड सगळं बिघडवतो. हा साधा फ्लोराइड तुमच्या किरणोत्सारी रेणूंत थंड रेणू मिसळतो आणि ‘मोलर अॅक्टिव्हिटी’, म्हणजे दर मोलमागचा किरणोत्सार, पाडतो. रिसेप्टरच्या जागा मोजक्या असतील तर थंड रेणूच त्या अडवून बसतात.

कोल्ड रनमध्ये, म्हणजे किरणोत्साराविना केलेल्या तालमीत, तीन गोष्टी बसवायच्या: तापमान, वेळ, क्षाराचं प्रमाण. टॉसिलेटसाठी अॅसेटोनायट्राइलमध्ये ८५ ते ११० अंश आणि पाच ते दहा मिनिटं इथून सुरुवात करा. क्षार जास्त झाला तर प्रिकर्सर फुटतो आणि टोकाची शेपूट व्हिनिल ईथर बनून जाते. दर दोन मिनिटांनी थेंब काढून एचपीएलसीवर टाका. पाचव्या मिनिटाला जे मिळालं, त्यात दहाव्या मिनिटाला फारशी भर पडत नसेल तर पाचलाच थांबा.

शुद्धीकरणही इथेच ठरवा. एचपीएलसीवर वीस मिनिटं घालवण्यापेक्षा एखाद्या छोट्या कार्ट्रिजवर तीन मिनिटांत काम भागतं का बघा. हे ठरवायला किरणोत्सार लागत नाही, चिकाटी लागते.

पायरी ५: कागदपत्रं

कंटाळवाणं आहे, पण पटकन सांगतो. किरणोत्सारी काम अणुऊर्जा नियामक परिषदेचा परवाना असलेल्या जागेतच, नेमलेल्या किरणोत्सार सुरक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली होतं. अर्ज ई-लोरा पोर्टलवर. तुम्हाला अंगावर पडलेला किरणोत्सार मोजणारा टीएलडी बॅज मिळेल, तो तीन महिन्यांनी तपासला जातो. कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, आणि कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सामान्य माणसाला वर्षाला १. सोलापुरातल्या आपल्या कॉलेजात हे काही आणायचं नाही. सहकार्याचा करार त्या संस्थेशी करा आणि दोन महिने आधी सुरुवात करा.

पायरी ६: हॉट रन

मुंबईत परळला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. आता अनेक शहरांत आहेत. पद्धत सगळीकडे सारखी.

ऑक्सिजन-१८ने समृद्ध केलेलं पाणी, दोन-तीन मिलिलिटर, टार्गेटमध्ये भरतात. त्यावर ११ ते १८ एमईव्हीच्या प्रोटॉनांचा मारा होतो. प्रोटॉन आत, न्यूट्रॉन बाहेर, ऑक्सिजनचा फ्लोरिन. एका अर्धायुष्यात संपृक्ततेच्या, म्हणजे जास्तीत जास्त मिळू शकणाऱ्या किरणोत्साराच्या, निम्मं मिळतं, दोन अर्धायुष्यांत ७५ टक्के. तीन-चार अर्धायुष्यांनंतर मारा चालू ठेवणं म्हणजे जवळपास भरलेल्या हौदात नळ सोडणं. हे पाणी महाग असतं, त्यामुळे ते परत गोळा करतात.

पाणी नळीतून हॉट सेलमध्ये, म्हणजे शिशाच्या भिंतींच्या बंद कप्प्यात, येतं. ५११ केईव्हीचे फोटॉन निम्मे करायला अर्धा सेंटिमीटरच्या आसपास शिसं लागतं, म्हणून भिंती कित्येक सेंटिमीटर जाड. एक्स-रे विभागातला शिशाचा एप्रन इथे जवळजवळ निरुपयोगी. तो घालून धीर येतो तेवढाच. खरं संरक्षण म्हणजे अंतर, आडोसा आणि पटापट उरकणं.

मग क्यूएमए कार्ट्रिज. फ्लोराइड त्यावर अडकतो, पाणी पुढे निघून जातं. पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स-२२२ यांच्या द्रावणाने तो सोडवून घेतात. क्रिप्टोफिक्स पोटॅशियमला पिंजऱ्यात धरतो, म्हणून फ्लोराइड मोकळा आणि आक्रमक होतो. पण त्याला पाण्याचं वेड. पाण्याने वेढलेला फ्लोराइड सुस्त पडतो. म्हणून अॅसेटोनायट्राइल घालून नायट्रोजनच्या झोताखाली दोन-तीनदा वाळवायचं.

माझा पहिला हॉट रन इथेच गेला. सोलापूरच्या मे महिन्यातून आलेला माणूस मी, आमच्याकडे ओला टॉवेल दहा मिनिटांत कडक होतो, त्यामुळे ओलाव्याची भीती मला मुळातच नव्हती. अॅसेटोनायट्राइलची बाटली कोणीतरी आठवडाभर उघडझाप केलेली होती. मी तीच वापरली. सकाळपासून बसून शेवटी हाती आलं ते जवळपास फक्त सुटं फ्लोराइड. तेव्हापासून प्रत्येक रनला नवी सीलबंद बाटली फोडतो आणि तिच्यावर तारीख लिहितो.

वाळल्यावर प्रिकर्सर घाला, तापवा, थंड करा, आम्लाने झाकणं काढा, उदासीन करा, शुद्ध करा, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक वायलमध्ये. पहिल्यांदा हे स्वतःच्या हाताने न करता यंत्राच्या पडद्यावरूनच चालवा.

उत्पन्न लिहिताना प्रामाणिक राहा. दहा वाजता १० गिगाबेकेरेलने सुरुवात केली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी वायलमध्ये ३.५ आले, तर न सुधारलेलं उत्पन्न ३५ टक्के. सत्तर मिनिटांचा क्षय जमेस धरला तर ५४ टक्के. शोधनिबंधात मोठा आकडा शोभून दिसतो, रुग्णाच्या वायलमध्ये मात्र ३.५ च असतात. दोन्ही लिहा.

पायरी ७: तपासणी

रंगहीन आणि स्वच्छ आहे का. पीएच ४.५ ते ८.५ मध्ये आहे का. अर्धायुष्य मोजून १०५ ते ११५ मिनिटांत येतं का. रेडिओ-टीएलसी किंवा रेडिओ-एचपीएलसीवर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर आहे का. क्रिप्टोफिक्स उरलं का, ते आयोडोप्लॅटिनेटच्या ठिपक्याने पाहतात. अॅसेटोनायट्राइल ४१० पीपीएमच्या आत हवं, ते गॅस क्रोमॅटोग्राफीवर. एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंचं विष, तपासायचं. गाळणी फाटली नाही ना, हे बबल पॉइंटने, म्हणजे किती दाबाला तिच्यातून बुडबुडे येतात ते पाहून. निर्जंतुकतेची चाचणी चौदा दिवस चालते, म्हणजे निकाल येईपर्यंत औषध कधीच टोचून झालेलं असतं. म्हणून बाकीच्या पायऱ्यांवर इतका कटाक्ष.

पायरी ८: पेशी, उंदीर, मग माणूस

पेशींवर ट्रेसर टाका, मग तोच प्रयोग थंड रेणू भरपूर घालून पुन्हा करा. थंड रेणूने गर्दी केल्यावर ट्रेसरचं शोषण पडलं तरच तो योग्य दारातून जातोय. रक्तद्रवात ३७ अंशांवर दोन तास ठेवून टिकतो का पाहा. उंदरांचं काम संस्थेच्या प्राणी नीती समितीच्या मंजुरीशिवाय नाही. ५, ३०, ६०, १२० मिनिटांना अवयवांतली मात्रा मोजायची, आणि हाडाकडे डोळा ठेवायचा.

माणसावर जायचं तर २०१९च्या नव्या औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांखाली केंद्रीय परवानगी, शिवाय रुग्णालयाची नीती समिती. हा टप्पा एका विद्यार्थ्याचा नाही. एम.एस्सी. किंवा पीएच.डी.ला पेशींपर्यंत पोचलात तरी भरून पावलात.

पायरी ९: रस्त्याचं गणित

आता आपल्या गावचा प्रश्न. सोलापूरहून पुणे सुमारे २५० किलोमीटर, हैदराबाद ३०० च्या वर, मुंबई ४००. हुतात्मा एक्स्प्रेस पुण्याला साधारण चार तासांत टेकते, पण हे पार्सल तिच्या डब्यात चढत नाही. ते किरणोत्सारी मालाच्या टाइप-ए डब्यातून, लेबल आणि कागदांसह, परवानगी असलेल्या गाडीतून रस्त्यानेच येतं. भरण्यापासून टोचण्यापर्यंत पाच तास धरा.

पाच तासांत उरतात १५ टक्के. म्हणजे दुपारी एका रुग्णाला ३७० मेगाबेकेरेल द्यायचे तर सकाळी त्या रुग्णाच्या नावे सुमारे २.५ गिगाबेकेरेल भरावे लागतात. तासाभराने दुसरा रुग्ण असेल तर त्याच्यासाठी आणखी ३.६. दोघांचे मिळून सहा. पहिला रुग्ण उशिरा आला तर दुसऱ्याचा डोस त्याच्या वाट्याला वळवावा लागतो, म्हणून दोघांनाही लवकर बोलवा. मोहोळजवळ टायर पंक्चर होऊन अर्धा तास गेला तर सतरा टक्के उडाले. नवा ट्रेसर निवडताना हेही पाहा: वायलमध्ये पाच तास तो टिकतो का? जास्त किरणोत्सारामुळे द्रावण स्वतःच रेणू तोडतं, म्हणून थोडं इथेनॉल किंवा अॅस्कॉर्बिक आम्ल घालून ते थोपवतात.

आणि एक बारकं काम. पाठवणाऱ्याच्या कॅलिब्रेटरवरची, म्हणजे डोस मोजणाऱ्या यंत्रावरची, वेळ आणि इकडच्या भिंतीवरची वेळ आदल्या रात्री फोनवर जुळवून घ्या. दहा मिनिटांच्या फरकाने सहा टक्के चुकतात, आणि पाठवणारा म्हणतो मी पूर्ण भरलं होतं, घेणारा म्हणतो कमी आलं.